अळंबीचें घराणें

मृगाचा पाऊस दोन दिवस झोडपून जातो, मग थोडी उघडीप पडते, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं बाहेर येऊन पाहावें तों कालपर्यंत मोकळी असलेली हिरवळ पांढऱ्या छत्र्यांनीं भरून गेलेली असते. मुलें त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून पायानें उडवितात. मोठीं माणसें त्यांकडे वळूनहि पाहत नाहींत. त्याच दिवशीं संध्याकाळीं मात्र त्याच आळींतल्या एखाद्या घरीं बाजारांतलें पुडकें फोडून पांढऱ्या, गोल, बटनासारख्या अळंब्या मटाराच्या रश्शांत पडतात आणि सारी मंडळी आवडीनें जेवते. हिरवळीवरची ती तुच्छ छत्री आणि ताटांतली ही मोलाची अळंबी यांचें नातें किती जवळचें आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. दोघी पुष्कळदां एकाच कुळांतल्या असतात. शास्त्रज्ञ त्या कुळास अ‍ॅगॅरिकेसी असें म्हणतात. श्रोतेहो, या कुळाची थोडी ओळख आज आपणांस करून देण्याचें मीं योजिलें आहे.

या विषयाकडे मी केवळ जिज्ञासेनें वळलों असें म्हणणें खरें होणार नाहीं. एका चुकीनें मला तिकडे वळविलें. मी ज्या शाळेंत शिकवीत होतों तिच्या मैदानावर एका वर्षीं जुलैंत ताटलीएवढालीं पांढरीं भूछत्रें उगवलीं. आमचे शिपाई तात्या तीं टोपलींत भरून मजकडे घेऊन आले व म्हणाले, "गुरुजी, हीं खायला चालतील का?" तात्या मूळचे कोंकणांतले. लहानपणीं श्रावणांत आई अळंब्यांचें कालवण करी, त्याची चव त्यांच्या जिभेवर अजून होती. मीं एक भूछत्र हातांत घेऊन फिरवून पाहिलें. टोपीखालीं पांढरीं पटलें होतीं, देंठावर कडें होतें, आणि बुंध्याशीं पिशवीसारखें कांहीं नव्हतें. प्राणघातक अळंबीच्या बुंध्याशीं पिशवी असते, एवढें मीं कोठें तरी वाचलेलें होतें. त्या अर्धवट ज्ञानाच्या बळावर मीं सांगितलें, "विषारी दिसत नाहींत."

रात्रीं दहाच्या सुमारास त्यांचा मुलगा धांवत आला. घरांतल्या चौघांनाहि जेवणानंतर दोन तासांच्या आंत वांत्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या थांबत नव्हत्या. इस्पितळांत शिरेंतून सलाईन देऊन तिसऱ्या दिवशीं सर्वांना घरीं सोडलें. तात्यांनीं मला एका शब्दानेंहि दूषण दिलें नाहीं. तें दिलें असतें तर मला बरें वाटलें असतें. मैदानावर उरलेलें एक भूछत्र मीं घरीं आणलें, त्याची टोपी देंठापासून सोडवून पटलें खालीं करून पांढऱ्या कागदावर ठेविली आणि वर एक मोठा वाडगा पालथा घातला. सकाळीं टोपी उचलली, तों कागदावर पटलांची जशीच्या तशी नक्षी उमटलेली होती, आणि तिचा रंग शेवाळासारखा हिरवट होता. एक कोरा कागद आणि एक रात्र, एवढ्या भांडवलावर जें उत्तर मला मिळालें असतें, तें मीं चौघांच्या पोटांतून मिळविलें होतें.

कागदावरची ही नक्षी म्हणजे काय, हें समजण्यासाठीं अळंबी म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. आपण जिला अळंबी म्हणतों तें त्या जीवाचें फळ होय. खरा जीव जमिनींत, कुजत्या पाल्याखालीं किंवा शेणखतांत पसरलेल्या, कोळ्याच्या तंतूंसारख्या बारीक अशा धाग्यांच्या जाळ्याच्या रूपानें राहतो. तें कवकजाल महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें, कोणाच्या नजरेस न पडतां वाढत असतें, आणि ओलावा व उष्णता जुळून आलीं कीं एक दोन दिवसांत छत्री वर उभी करतें. जाळें मध्यापासून चोहोंकडे सारखें पसरत जातें, म्हणून पुष्कळदां छत्र्या गवतांत वर्तुळाकार उभ्या दिसतात. यूरोपांतील खेडूत त्यांना पऱ्यांच्या नाचाचें रिंगण समजत. आम्ही कवकांना शाळेंत वनस्पति म्हणून शिकलों आणि पुढें तसेंच शिकविलें. आतां असें सिद्ध झालें आहे कीं हरितद्रव्य नसलेला हा वर्ग वनस्पतींपेक्षां प्राण्यांना जवळचा आहे. आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यांची या ठिकाणीं मी क्षमा मागतों.

छत्रीचें प्रयोजन एकच: बीजुकें वाऱ्यावर सोडणें. टोपीच्या पोटाशीं उलगडलेल्या वहीच्या पानांप्रमाणें उभीं पटलें असतात व त्यांच्या दोन्ही अंगांवर बीजुकें धरतात. थोडक्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मिळावा म्हणून निसर्गानें केलेली ही योजना आहे. बीजुक पटलापासून केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर उडतें व मग दोन पटलांच्या मधल्या गल्लींतून सरळ खालीं पडतें. कॅनडांतील विनिपेग येथें अध्यापन करणारे प्राध्यापक बुलर यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत कुरणांतल्या साध्या अळंबीच्या एका छत्रीपासून सुटणाऱ्या बीजुकांची गणना दिली आहे. ती सुमारे १८० कोटी भरली. यांपैकीं एकादें रुजलें तरी तें नशीबवानच म्हणावयाचें. एकटें बीजुक डोळ्यांना दिसत नाहीं; पण लक्षावधि बीजुकें एके ठिकाणीं पडलीं म्हणजे त्यांचा रंग दिसूं लागतो, आणि तोच माझ्या कागदावर उमटला होता.

या रंगाला शास्त्रांत एवढें महत्त्व कसें आलें, त्याची कथा थोडी मजेची आहे. स्वीडनचे लिनीअस यांनीं १७५३ सालीं पटलें असलेल्या साऱ्या छत्र्यांना अ‍ॅगॅरिकस हें एकच नांव दिलें. हा शब्दहि त्यांनीं जुन्या ग्रीकांकडून घेतला. पण ग्रीकांचें 'अ‍ॅगॅरिकॉन' म्हणजे झाडाच्या खोडावर फळीसारखें वाढणारें एक औषधी कवक होतें, त्याला पटलेंहि नव्हतीं आणि देंठहि नव्हता! पुढें १८२१ पासून लिनीअस यांचेच देशबांधव एलियास फ्रीस यांनीं या अफाट गोतावळ्याची वांटणी आरंभिली, आणि ती बीजुकांच्या रंगावरून केली: पांढऱ्या बीजुकांचीं एकीकडे, गुलाबी बीजुकांचीं दुसरीकडे, मग तपकिरी, मग जांभळट काळीं. हातांत भिंग असो वा नसो, कोणासहि करतां यावी अशी ही वांटणी होती, आणि म्हणूनच ती शंभर दीडशें वर्षें टिकली. एकत्र कुटुंबांतून भाऊ वेगळे होत जावे आणि वाड्याचें मूळ नांव शेवटीं एका दालनापुरतें उरावें, तसें अ‍ॅगॅरिकस या नांवाचें झालें. तरीहि ज्या कुळाला त्याच्यावरून नांव पडलें त्यांत आज पाऊणशेंच्या वर प्रजाति आणि हजाराहून अधिक जाति मोडतात.

गंमत अशी कीं ज्या रंगावरून कुळें पाडलीं, त्या रंगाचा एकसारखेपणा नेमका या कुळांत नाहीं. यांत तपकिरी बीजुकांचीं भूछत्रें आहेत, पांढऱ्यांचीं आहेत, काळ्यांचीं आहेत, आणि हिरव्यांचेंहि एक आहे. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासूं लागल्यावर हीं सारीं सख्खीं चुलत भावंडें ठरलीं. तेव्हां कुळ सांगण्यास रंगाचा उपयोग उरला नाहीं. पण त्या कुळांतलें घर कोणतें, हें सांगण्यास तो अजूनहि उत्तम साक्षीदार आहे.

आतां त्यांतलीं घरें पाहूं. थोरली पाती अ‍ॅगॅरिकस हीच. बाजारांतली बटन अळंबी याच प्रजातींतली. तिच्या जातीचें नांव बायस्पोरस, म्हणजे दोन बीजुकांची. कारण तिच्या भावंडांत एकेका पेशीवर चार बीजुकें धरतात, तर हिच्यांत दोनच. पॅरिसच्या परिसरांत सतराव्या शतकांत घोड्यांच्या लिदीच्या खतावर तिची लागवड होऊं लागली, आणि टूर्नफॉर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७०७ सालीं तिचें रीतसर वर्णन केलें. पुढें कोणाच्या तरी ध्यानीं आलें कीं तिला उजेडाची गरजच नाहीं. तेव्हां दगड काढून रिकाम्या झालेल्या भुयारी खाणींत वाफे घालण्यांत येऊं लागले. पॅरिसच्या इमारती ज्या दगडांच्या, त्यांच्याच पोकळींत पॅरिसचें हें पक्वान्न पिकूं लागलें. मूळची ही अळंबी तपकिरी होती. शुभ्र वाण अमेरिकेंतील पेन्सिल्वेनियांत १९२० नंतरच्या दशकांत एका मळ्यांत आपोआप निपजलें, आणि लोकांना तेंच अधिक स्वच्छ वाटल्यामुळें जगभर पसरलें. आज मोठ्या उपाहारगृहांत 'क्रेमिनी' आणि 'पोर्टोबेलो' अशीं भारदस्त नांवें देऊन ज्या तपकिरी अळंब्या चढ्या भावानें वाढतात, त्या हीच जाति होत. पहिली कोंवळी, दुसरी जून. नांवांना पैसे पडतात, दुसरें काय.

आपल्या देशांत हिमाचल प्रदेशांतील सोलन येथें १९६१ पासून या अळंबीचे प्रयोग सुरू झाले, आणि १९८३ सालीं तेथेंच अळंबीच्या संशोधनासाठीं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. फळ धरण्याच्या वेळीं तिला सुमारे १४ ते १८ अंश सेल्सिअस एवढीच उष्णता मानवते, म्हणून आरंभीं ती डोंगराळ मुलखांतच रमली. आतां गार हवा खेळविलेल्या बंद कोठ्यांत महाराष्ट्रांतहि ती बारा महिने पिकते. गव्हाचें काड व कोंबडीखत कुजवून त्यांत तिचें बियाणें मिसळतात, जाळें पसरलें कीं वर मातीचा हलका थर देतात, आणि त्या थरांतून बटनें डोकें वर काढतात. तें बटन तसेंच राहूं दिलें तर त्याची पूर्ण छत्री होते, आणि तिचीं पटलें प्रथम गुलाबी व मग चॉकलेटी होतात. हा गुलाबीपणा आणि मागून येणारा तपकिरी रंग, हीच अ‍ॅगॅरिकस प्रजातीची मुख्य खूण. मात्र या घरींहि सगळेच सज्जन आहेत असें समजूं नये. झँथोडर्मस नांवाचा एक भाऊ दिसावयास अगदीं हुबेहुब; पण बुंधा कापला कीं जखम क्षणांत पिंवळीधमक होते आणि फिनाईलसारखा वास सुटतो. तो खाणाऱ्याचें पोट बिघडवितो.

आमच्या मैदानावरचें भूछत्र क्लोरोफायलम या शेजारच्या घरचें होतें. त्याचें पुरें नांव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण प्रदेशांतील हिरवळ हें त्याचें आवडतें ठिकाण. भारतांत तें सर्वत्र उगवतें. तें कोंवळें असतां त्याचीं पटलें शुभ्र असतात, आणि तशाच स्थितींत मनुष्य तें उचलतो. बीजुकें पिकूं लागल्यावर दोन दिवसांनीं पटलांवर राखट हिरवी झांक चढते. पटलधारी भूछत्रांत हिरव्या बीजुकांचें असें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. अमेरिकेंतहि विषबाधेच्या सर्वांत अधिक घटना याच एका जातीच्या नांवावर नोंदल्या जातात, याचें कारण उघड आहे. तें मोठें, देखणें व घराच्या दारांत उगवणारें आहे. सुदैव इतकेंच कीं तें पोट व आंतडीं यांनाच त्रास देतें. वेळीं उपचार झाले म्हणजे निरोगी मनुष्य बहुधा बरा होतो. त्याचा एक जवळचा सोबती मॅक्रोलेपिओटा होय. उंच देंठावर सापाच्या कांतीसारखी नक्षी, आणि वरखालीं सरकणारें कडें. यूरोपांत लोक त्याची टोपी पिठांत घोळून तळून खातात. त्याचीं बीजुकें पांढरीं. हिरवें पटल पिकण्यापूर्वीं हे दोघे शेजारीं शेजारीं ठेवले तर मोठमोठे जाणते फसतात. मग मी फसलों यांत नवल नाहीं, आणि त्यानें माझी चूकहि लहान होत नाहीं.

या कुळांतलें सर्वांत भीषण घर मात्र दिसण्यांत अगदीं गरीब आहे. लेपिओटा या प्रजातींतील कांहीं जाति जेमतेम रुपयाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या टोपीच्या, फिकट अंगावर तपकिरी किंवा गुलाबी खवले असलेल्या असतात. त्यांपैकीं ब्रुनिओइन्कार्नाटा इत्यादींत अ‍ॅमाटॉक्सिन नांवाचें विष असतें. पिशवीच्या बुंध्याची म्हणून जी अळंबी मीं वर सांगितली, ती 'मृत्युछत्री' वेगळ्या कुळांतली. पण विष हेंच. म्हणजे 'पिशवी नाहीं, तेव्हां धोका नाहीं' हें माझें सूत्र किती पोकळ होतें, तें लक्षांत येईल. लेपिओटाला पिशवी मुळींच नसते. तिनें स्पेन, तुर्कस्तान, ट्युनिसिया अशा देशांत माणसें मारलेलीं आहेत.

हें विष काय करतें? आपल्या प्रत्येक पेशींत केंद्रकांतल्या आज्ञांची नक्कल करून ती बाहेर पाठविणारें एक यंत्र असतें. त्या नकलेवरून पेशी आपलीं प्रथिनें घडविते. अ‍ॅमाटॉक्सिन त्या यंत्रालाच मिठी मारून बसतें. नक्कल थांबली कीं पेशी मरूं लागते, आणि सर्वांत आधीं यकृताच्या पेशी मरतात. पण हें सर्व निमूटपणें चालतें. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधीं त्याहूनहि अधिक, मनुष्याला कांहींच होत नाहीं. मग वांत्या व जुलाब होतात, तेहि एक दोन दिवसांनीं ओसरतात, रोगी उठून बसतो, घरचीं माणसें सुटकेचा श्वास टाकतात. आणि तिसऱ्या चौथ्या दिवशीं कावीळ दिसूं लागते. तोंपर्यंत यकृत बहुतेक गेलेलें असतें, आणि कित्येकांस दुसऱ्याचें यकृत बसविण्यावांचून उपाय राहत नाहीं. यावरून एक व्यवहाराची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अळंबी खाल्ल्यावर त्रास लवकर सुरू झाला, तर तो पुष्कळदां कमी धोक्याचा असतो. उशिरां सुरू झाला तर तो मोठा संशयाचा. दोन्ही प्रसंगीं तात्काळ इस्पितळ गांठावें, उतार पडला म्हणून घरीं परतूं नये, आणि उरलेली अळंबी, निवडतांना टाकलेले देंठ, फार काय शिजलेली भाजीसुद्धां बरोबर न्यावी. डॉक्टरांना तिच्याइतका खरा निरोप दुसऱ्या कोणाकडून मिळत नाहीं.

विषारी अळंबी ओळखण्याचे जे घरगुती उपाय ऐकूं येतात, त्यांचाहि येथेंच निकाल लावला पाहिजे. चांदीचें नाणें काळें पडलें तर विष, लसणाची पाकळी रंग बदलते, किड्यानें किंवा गोगलगाईनें कुरतडलेली असली तर खुशाल खावी, भातांत शिजवून पाहावी, मीठ घालून उकळून पाणी टाकलें कीं विष जातें. यांतला एकहि उपाय खरा नाहीं. गोगलगाय मृत्युछत्री पोटभर खाऊन सुखानें निघून जाते. आणि अ‍ॅमाटॉक्सिन उकळून, तळून किंवा वाळवून नष्ट होत नाहीं. आमच्या आज्यांनीं हे उपाय सांगितले आणि त्या सुखरूप जगल्या हें खरें. पण त्यांचें रक्षण चांदीनें केलें नाहीं. त्यांचा गांव एक, त्यांचें रान एक, आणि त्या रानांतल्या दोन चार जाति त्यांना लेकरांसारख्या ओळखूं येत. अनोळखी भूछत्राला त्या हात लावीत नसत.

तात्यांच्या आईचें तसेंच होतें. कोंकण व गोमंतक येथें पावसाळ्यांत वारुळाभोंवतीं जी अळंबी उगवते, गोव्यांत जिला रोयण अळमी म्हणतात, ती टर्मिटोमायसिस प्रजातीची. आणि तिचें कुळ निराळें. तिचा देंठ जमिनींत मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो, आणि तिचीं बीजुकें फिकट गुलाबी असतात. वाळवी भुयारांत या कवकाची शेती करून त्यावर जगते. तात्यांची आई मुलाला जें खाऊं घालीत होती तें अगदीं योग्य होतें. तेंच ज्ञान शहरांतल्या हिरवळीवर, दुसऱ्याच कुळापुढें, उपयोगी पडलें नाहीं.

वाळवीच्या शेतीसारखीच एक शेती आपल्या अ‍ॅगॅरिकेसी कुळाच्या वांट्यालाहि आली आहे. फक्त शेतकरी वेगळे व खंड वेगळा. मध्य व दक्षिण अमेरिकेंत पानें कापणाऱ्या मुंग्या आहेत. हिरव्या पानांचे तुकडे डोक्यावर धरून त्यांची रांग चाललेली असते, आणि एका रात्रींत त्या एखादें झाड उघडें करतात. या पानांचें त्या करतात काय, हें कोडें होतें. लोक समजत कीं त्या पानें खातात, किंवा घरट्याला छप्पर घालतात. निकाराग्वांत खाणीवर काम करणारे टॉमस बेल्ट नांवाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनीं घरटीं खणून पाहिलीं आणि १८७४ सालीं लिहिलें कीं मुंग्या पानांचा लगदा करून त्यावर कवक वाढवितात व तें कवक खातात. त्यानंतर १८९३ सालीं ब्राझिलांत आल्फ्रेड म्योलर यांनीं त्या कवकाचा बारकाईनें अभ्यास करून त्याला नांव दिलें. आज तें ल्यूकोअ‍ॅगॅरिकस या प्रजातींत मोडतें. म्हणजे आपल्या बटन अळंबीचें तें चुलत भावंड.

हें कवक छत्री सहसा उभारीतच नाहीं. त्याऐवजीं त्याच्या धाग्यांच्या टोंकांना मुंग्यांसाठीं पौष्टिक रसानें भरलेलीं गोंडसें येतात. राणी मुंगी जेव्हां नवें घर बांधावयास उडते, तेव्हां तोंडांतल्या एका छोट्या कप्प्यांत ती माहेरच्या बागेंतली कवकाची गोळी घेऊन जाते. विरजणाचें बोट घेऊन सासरीं निघालेल्या मुलीसारखेंच हें. ती गोळी जगली तर वसाहत जगते. मुंग्या शेतांतलें तणहि काढतात. एस्कोव्हॉप्सिस नांवाचें परजीवी कवक त्या बागेवर पडतें. १९९९ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं मुंग्यांच्या अंगावर राहणारे एक प्रकारचे जंतु त्या परजीवीला मारणारें औषध तयार करतात. मनुष्यानें नांगर हातीं धरला त्याला दहा बारा हजार वर्षें झालीं. या मुंग्यांच्या पूर्वजांनीं कवकाची शेती आरंभिली त्याला सुमारे सहा कोटी वर्षें झालीं असावींत असा अंदाज आहे. आम्ही वर्गांत शेतीचा इतिहास शिकवितांना ही गोष्ट कधीं सांगितली नाहीं.

आणखी दोन घरांना उभ्या उभ्या भेट देऊं. कोप्रायनस कोमाटस हें उंच, लोंबत्या केसाळ टोपीचें भूछत्र कापल्यावर कांहीं तासांत काठापासून वितळूं लागतें व काळी शाई होऊन गळतें. त्या शाईनें पूर्वीं लिहीतहि असत. शाईसारखीं वितळणारीं सारीं भूछत्रें एका घरचीं, असें दीर्घकाळ मानलें जाई. २००१ सालीं कळलें कीं कोमाटस व त्याचे मोजके सोबती तेवढे या कुळाचे, आणि बाकीचे बहुतेक परक्या कुळाचे. पण कोप्रायनस हें नांव ज्याच्यावरून पडलें तो कोमाटसच. तेव्हां नांव त्याच्यापाशीं राहिलें आणि बाकीच्या शेंकडों जातींना नवीं नांवें शोधावीं लागलीं. वितळणें म्हणजे सोंग होतें, नातें नव्हे. राजस्थानच्या वाळवंटांत पोडॅक्सिस नांवाचें एक कवक असतें. त्याला देंठ आहे, पण टोपी उघडतच नाहीं. कोरड्या मुलखांत उघडी छत्री परवडत नाहीं, म्हणून त्यानें ती मिटूनच घेतली. टाच पडतांच धूर सोडणारे जे गोल गोळे माळावर दिसतात, त्यांना कांहीं शास्त्रज्ञ याच कुळांत घालतात व कांहीं वेगळें कुळ देतात. तो तंटा अजून मिटलेला नाहीं, आणि आपणांस त्यांत पडण्याचें कारण नाहीं.

शेवटचें घर आपल्यापैकीं अनेकांच्या सज्जांतच आहे. कुंडींत तुळस किंवा मनीप्लँट लावलेला असतो, पाऊस लागतो, आणि एके दिवशीं बुंध्याशीं लिंबाच्या रंगाच्या चार दोन नाजुक छत्र्या उभ्या राहतात. ही ल्यूकोकोप्रायनस बर्नबॉमी. ही मूळची उष्ण देशांची. परंतु शास्त्राशीं तिची भेट झाली ती थंड देशांतल्या कांचघरांत. इंग्लंडांतील हॅलिफॅक्सचे जेम्स बोल्टन यांनीं १७८८ च्या सुमारास अननसाच्या कांचघरांतून तिचें चित्र काढून प्रसिद्ध केलें, आणि प्राग येथील कोर्डा यांनीं १८३९ सालीं तिला नांव देतांना बर्नबॉम नांवाच्या उद्यानाधिकाऱ्याचें नांव लाविलें. कुंड्यांच्या मातीबरोबर ती जगभर फिरली. ती झाडाला मुळींच अपाय करीत नाहीं. मातींतला कुजका भाग खाऊन ती जगते. पण ती खाण्याची वस्तु नव्हे, एवढें घरांतल्या लहानांना सांगून ठेवावें.

परवां आमच्या कुंडींत ती उगवली तेव्हां माझी नात ती उपटावयास निघाली होती. मीं तिला थांबविलें. आम्हीं तिची एक टोपी कागदावर ठेविली व वर वाटी पालथी घातली. सकाळीं ठसा पांढरा आला. पांढऱ्या कागदावर तो दिसेना, म्हणून नातीनें काळ्या कागदावर दुसरी टोपी ठेविली. तो कागद तिनें तात्यांना दाखविण्यासाठीं वहींत जपून ठेवला आहे. कुंडींतल्या उरलेल्या छत्र्या दुपारच्या उन्हांत माना टाकून पडल्या.